‘जरा साफ करून दिलंय’: जुन्या वस्तूंची पारख करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जुन्या वस्तूंची किंमत काढून देणारे, विकणारे, लिलाव पुकारणारे आणि दुरुस्ती करून देणारे सर्व व्यावसायिक

स.न.वि.वि.

हे पत्र एका प्लास्टिकच्या पिशवीमुळे लिहिते आहे.

माझ्या आजोबांनी आयुष्यभरात जुनी चांदीची नाणी जमवली. फार नाहीत, तेवीस. प्रत्येक नाणं वेगळ्या छोट्या कागदी पाकिटात आणि पाकिटावर पेन्सिलीने एकेक ओळ: कुणाकडून मिळालं, कधी, बदल्यात काय दिलं. आजोबा गेल्यावर डबा माझ्याकडे आला. भावंडांत वाटणी करायची तर आधी किंमत काढून घेऊ, असं ठरलं, म्हणून त्यातली सहा नाणी मी तुमच्यापैकी एकांकडे नेऊन दिली. चार दिवसांनी परत आणायला गेले तेव्हा त्यांनी एक मऊ, उग्र वासाची प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढे सरकवली. सहाही नाणी आत एकमेकांवर खुळखुळत होती.

“पाकिटं फारच कळकट झाली होती हो, टाकून दिली. आणि नाणीही जरा साफ करून दिलीत. त्याचे पैसे नाही लावले.”

त्यांनी हे भल्या मनानेच केलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. त्यामुळे भांडताही येईना. ‘थँक्यू’ म्हणून मी घरी आले आणि नाणी टेबलावर मांडून बसले.

त्यातलं एक नाणं आजोबांचं लाडकं. त्याच्या कडेला निळसर-जांभळी वर्तुळाकार झाक होती, तिच्या आत मधासारखी पिवळट आणि मधोमध करडी. कागदातल्या आणि हवेतल्या गंधकाने कित्येक वर्षं सावकाश चढवलेले ते रंग. नाणं हातात जरा कलतं केलं की त्या रंगांखालून प्रकाशाचा एक पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरायचा. ठसा पडताना धातू मधून कडेकडे सरकतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेघा पृष्ठभागावर राहतात आणि हा खेळ त्या रेघांचा असतो. लहानपणी आजोबा मला तो पट्टा फिरवून दाखवायचे. आता सहाही नाणी एकाच रंगाची झाली आहेत, नुकत्याच कापलेल्या पत्र्याच्या रंगाची. कलती केली तर काहीच फिरत नाही. दहापट भिंगाखाली धरलं, तर नाण्यावरच्या चेहऱ्याच्या गालावरून समांतर बारीक ओरखडे गेलेले दिसतात. म्हणजे आधी कुठल्यातरी द्रावणात बुडवलं आणि मग फडक्याने चोळलं.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका जाणकाराला दाखवली. त्यांनी भिंगसुद्धा काढलं नाही. “धुतलेली आहेत,” म्हणाले, आणि किंमत सांगण्याआधी विचारलं, “कशाला धुतलीत?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल, म्हणून हे पत्र. पहिल्या गृहस्थांचं नाव मी लिहिणार नाही. हा एका माणसाचा दोष असता तर त्यांच्याशीच बोलले असते. पण ‘स्वच्छ म्हणजे चांगलं’ ही समजूत या धंद्यात किती खोल मुरली आहे, ते लिलावाआधीच्या प्रदर्शनात एक चक्कर मारली तरी दिसतं. पितळ लखलखीत, लाकडाला काचेसारखी झिलई, घड्याळाची तबकडी नवीकोरी.

तर माझी पहिली तक्रार साफसफाईचीच आहे.

चांदीवरचा काळेपणा हा बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हे. तो सिल्व्हर सल्फाइड असतो, म्हणजे त्याच नाण्याच्या चांदीचा गंधकाशी संयोग होऊन झालेला थर. तो काढताना तुम्ही नाण्याचाच पापुद्रा काढता. झटपट चमक देणाऱ्या ‘डिप’मध्ये बहुधा आम्ल आणि थायोयुरिया असतं. ते सल्फाइड विरघळवतं आणि ज्या सूक्ष्म रेघांवर प्रकाश खेळतो त्याही खातं. पुन्हा पुन्हा बुडवलं की नाण्याची चमक कायमची मरते. मराठीत यासाठी एक छान शब्द आहे, राप. उन्हाने रापलेला चेहरा धुऊन गोरा होत नाही, कारण रंग कातडीतच उतरलेला असतो. धातूचंही तसंच. तुम्हाला हे ठाऊक नाही असं मी म्हणूच शकत नाही, कारण नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या मोठ्या संस्था साफ केलेल्या नाण्याला १ ते ७० च्या मोजपट्टीवरचा नेहमीचा अंक देत नाहीत, त्याऐवजी ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात. तुमच्याच बाजाराचा नियम आहे हा.

आणि हे फक्त लहान दुकानांतच होतं असंही नाही. १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन देवळाच्या शिल्पांवर तांब्याची हत्यारं आणि कार्बोरंडम हा घासायचा कठीण दगड चालवला गेला. का, तर नव्या दालनाचा खर्च उचलणाऱ्या लॉर्ड ड्यूवीन यांना संगमरवर पांढरंशुभ्र हवं होतं. त्या दगडावर आलेली मधाळ छटा बऱ्याच ठिकाणी खरवडून गेली, ती परत आली नाही. जे हात तिथे चुकले ते कुठेही चुकू शकतात, एवढंच मला म्हणायचं आहे.

साफ करूच नका, असा माझा हट्ट नाही. तांब्याच्या किंवा कांशाच्या वस्तूवर फिकट हिरवी, खडूसारखी भुकटी दिसली आणि पुसल्यावर काही दिवसांत तिथेच पुन्हा उगवली, तर ती राप नव्हे, रोग आहे. त्याला ‘ब्राँझ डिसीज’च म्हणतात. धातूत अडकलेलं क्लोराइड दमट हवेत धातूला आतून पोखरत राहतं. अशी वस्तू लगेच बाकीच्यांपासून वेगळी काढायची, कोरड्या हवेत, शक्यतो ४० टक्क्यांच्या खालच्या आर्द्रतेत ठेवायची आणि तिचं काम जाणत्या माणसाकडेच द्यायचं. घट्ट, काळपट-हिरवा, गुळगुळीत थर मात्र धातूचं रक्षण करत असतो, त्याला हात लावायचं कारण नाही. हा फरक ग्राहकाला समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं कुणी देत नाही.

या बाबतीत मीही धुतल्या तांदळासारखी नाही. पंधराव्या वर्षी मी घरातलं एक ‘चांदीचं’ तबक टूथपेस्टने घासघास घासलं होतं. कडेला गुलाबी तांबं दिसायला लागलं तेव्हा थांबले. चांदीचा मुलामा होता तो, एका केसापेक्षाही पातळ. ते तबक आजही कपाटात आहे. म्हणूनच चोळणाऱ्या हाताचा मोह मला कळतो. पण मी पंधरा वर्षांची होते आणि कुणाकडून मोबदला घेत नव्हते.

पिशवीचं राहिलंच. तिच्या वासावरून मला शंका आली. खिडकी उघडी ठेवून तांब्याची तार ज्योतीत लाल केली, पिशवीच्या कोपऱ्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार झाली. प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. मऊ पीव्हीसीत नाणी काही वर्षं राहिली की त्यांच्यावर चिकट हिरवट थर येतो आणि तो धातू खातो. नाण्यांसाठी पॉलिएस्टरचे पारदर्शक कप्पे मिळतात, तुमच्याच दुकानांत मिळतात. जी कागदी पाकिटं ‘कळकट’ म्हणून फेकली, ती या पिशवीपेक्षा कितीतरी कमी घातक होती.

आता पाकिटं. ही माझी दुसरी तक्रार आणि खरं सांगायचं तर हीच पहिली. नाण्याचे रंग गेले, ठीक आहे, हळहळ वाटेल आणि संपेल. पण पाकिटावरची ओळ गेली म्हणजे हे नाणं कुणाच्या हातातून कुणाच्या हातात आलं याचा एकमेव पुरावा गेला. तुमच्या कॅटलॉगांत यालाच ‘प्रोव्हनन्स’ म्हणतात आणि त्यावर किंमत चढवतात. मग तो कागद माझ्या आजोबांच्या अक्षरातला असला की कचरा कसा होतो?

ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एक सेंटचं किरमिजी टपाल तिकीट तुम्ही सगळे जाणता. जगात एकच उरलं आहे. १८७३ मध्ये १२ वर्षांच्या एका मुलाला ते सापडलं आणि त्याने सहा शिलिंगांना विकलं. २०१४ मध्ये ते सुमारे ९५ लाख डॉलरला गेलं, २०२१ मध्ये ८३ लाखांना. दिसायला कसं आहे? चारही कोपरे कापलेले, रंग विटलेला, पुढे टपाल कारकुनाची शाईतली आद्याक्षरं आणि पाठीमागे एकामागून एक आलेल्या मालकांच्या खुणा. कुणा ‘स्वच्छताप्रिय’ माणसाने त्या खुणा खोडून तिकीट गोरंगोमटं करून दिलं असतं तर? सगळ्या जगाने डोक्यावर हात मारून घेतला असता. माझी पाकिटं त्या तोडीची नव्हती, मान्य. पण नियम दोन्हीकडे एकच असायला हवा.

माझी सहा पाकिटं गेली. त्यातल्या एकावरचंच मला आठवतं, लाडक्या नाण्याच्या: ‘पगारातून नाही, घड्याळ विकून.’ बाकी पाचांवर काय होतं ते मी कधी उतरवून ठेवलं नव्हतं. ही चूक माझी.

तिसरी तक्रार वयाबद्दल. ‘शंभर वर्षं जुनं’ हे शब्द तुमच्या चिठ्ठ्यांवर इतके सहज येतात की त्यांना अर्थच उरलेला नाही. १०० वर्षं ही नुसती बोलायची गोष्ट नाही, अनेक देशांच्या कायद्यांतली ती रेघ आहे. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यातही तीच आहे, हस्तलिखितांसाठी ७५. रेघेच्या अलीकडे की पलीकडे यावरून वस्तू देशाबाहेर नेता येते की नाही हे ठरतं. मग चिठ्ठीवर नुसता आकडा कसा चालेल? का, ते लिहा ना.

कारण पुरावा वस्तूतच असतो, तो वाचायला तुम्हीच शिकला आहात. एका लिलावाआधीच्या प्रदर्शनात ‘अठराव्या शतकातील’ अशी चिठ्ठी लावलेलं खणांचं कपाट होतं. मी खालचा खण पूर्ण बाहेर ओढला आणि उलटा केला. तळ चार खाचांच्या स्टार स्क्रूंनी जोडलेला. हे स्क्रू बाजारात आले १९३० च्या दशकात. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं, “नंतर कुणीतरी बदलले असतील.” असतीलही! जुन्या कपाटाचा तळ बदलणं यात गैर काही नाही. मग चिठ्ठीवर ‘तळ नंतर बदललेला’ हे तीन शब्द का नाहीत?

अशा खुणा कितीतरी आहेत. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आकसतं, उभ्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे खरोखर जुनं गोल टेबल टेप लावून मोजलं की किंचित अंडाकृती निघतं. दोन्ही व्यास मिलिमीटरला मिलिमीटर सारखे आले तर मला शंका येते. फळीच्या मागे कमानीसारखे वक्र ओरखडे असतील तर ती गोल करवतीने कापलेली, म्हणजे बहुतेक एकोणिसाव्या शतकातली किंवा नंतरची. ‘जुना’ कागद यूव्ही टॉर्चखाली निळा-पांढरा झगमगला तर त्यात उजळपणा आणणारी रसायनं आहेत, ती कागदात साधारण १९५० च्या सुमारापासून आली. ‘हाताने रंगवलेलं’ चित्र भिंगाखाली रंगीत ठिपक्यांच्या जाळीत फुटलं तर ते छापील. भांड्याच्या बुडावर इंग्रजीत देशाचं नाव असेल तर ते १८९० च्या अमेरिकन जकात कायद्यानंतरचं असण्याची दाट शक्यता, कारण आयात मालावर देशाचं नाव हवं, ही सक्ती तिथून सुरू झाली. यातला एकही निकष एकटा पुरेसा नाही, नकली माल करणाऱ्यांनाही हे सगळं पाठ असतं. म्हणून तर कारणं लिहून हवीत. चार कारणं वाचली की चुकीचं कोणतं ते पुढचा माणूस शोधू शकतो. नुसत्या आकड्याशी वाद घालता येत नाही.

चुकण्याबद्दल मी बोलतच नाही आहे. १८९६ मध्ये पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाने सायतफार्नेस या प्राचीन राजाचा म्हणून एक सोन्याचा मुकुट दोन लाख फ्रँकला घेतला, दोन हजार वर्षांहून जुना समजून. ओडेसाच्या इस्राएल रुखोमोव्स्की नावाच्या सोनाराने तो आपल्या हाताने नुकताच घडवला होता. १९०३ मध्ये त्याने पॅरिसला येऊन तसंच काम करून दाखवलं, तेव्हा कुठे वाद मिटला. लूव्हर चुकतं तर तुम्हीही चुकाल. चुकलात तर दुरुस्त करता येईल एवढा मागमूस कागदावर ठेवा, एवढंच मागणं आहे.

चौथी तक्रार किमतीची, ती थोडक्यात. ‘याची किंमत किती?’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं. विम्यासाठी तशीच वस्तू दुकानातून पुन्हा घ्यायचा खर्च वेगळा, दोन राजीखुशीच्या माणसांत होणारा सौदा वेगळा आणि उद्या सकाळी विकायची असेल तर हातात येणारी रक्कम वेगळी. तुम्ही एकच आकडा देता आणि तो कुठला ते सांगत नाही. वाटणीसाठी विम्याचा आकडा धरला तर भावंडांत भांडणं लागतात. लिलावातल्या बोलीचंही तसंच. २०१० मध्ये लंडनजवळच्या एका घरात सापडलेल्या चिनी फुलदाणीवर ४ कोटी ३० लाख पौंडांना हातोडा पडला, जगभर बातमी झाली, आणि बोली लावणाऱ्याने पैसे भरलेच नाहीत. हातोडा पडला म्हणजे किंमत ठरली असं नाही.

आणि जो किंमत काढतो तोच पुढच्या वाक्यात “मीच घेतो की” म्हणतो, हे थांबायला हवं. किमतीच्या टक्क्यांत फी घेणंही. अमेरिकेतल्या मूल्यांककांच्या नियमावलीत निघणाऱ्या आकड्यावर अवलंबून असलेल्या फीला मनाई आहे, आणि ते नियम काही साधुसंतांनी केलेले नाहीत, व्यावसायिकांनीच केले आहेत.

पाचवी गोष्ट दुरुस्तीची. २०१४ मध्ये कैरोत प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या सोनेरी मुखवट्याची दाढी निखळली आणि घाईघाईने इपॉक्सी या सहज न सुटणाऱ्या गोंदाने चिकटवली गेली. तो गोंद काढायला तज्ज्ञ बोलवावे लागले. २०१५ च्या डिसेंबरमध्ये मुखवटा परत मांडला तेव्हा दाढी मधमाश्यांच्या मेणाने बसवलेली होती. मेण पुन्हा सोडवता येतं. सगळा मुद्दा यात आला. लाखेच्या जुन्या पॉलिशवर पॉलियुरेथेन मारून देणारे, फाटलेल्या पुस्तकाला सेलोटेप लावणारे, घड्याळाची मूळ तबकडी पुसून नवी अक्षरं छापणारे, यांनी त्या मेणाची आठवण ठेवावी. पितळेला अमोनियाचं पॉलिश लावून ठेवणाऱ्यांनीही. ताणाखाली असलेलं पितळ अमोनियाने तडकतं, हे ब्रिटिश सैन्याला भारतातल्या पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत, म्हणजे मुतातल्या अमोनियाच्या हवेत, साठवलेल्या पितळी काडतुसांवरून कळलं होतं.

घड्याळावरून आठवलं. ही तक्रार नाही, जिवाची गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पुष्कळ घड्याळांच्या काट्यांवर रेडियमचा रंग असतो. तो आता अंधारात चमकत नाही म्हणून संपला असं बरेच ग्राहक समजतात. संपलेला असतो तो चमकणारा भाग. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, १६०० वर्षं आहे. काच उघडून काटे खरवडले तर ती धूळ श्वासात जाते. असं घड्याळ विकताना हे तोंडी सांगू नका, लिहून द्या.

आता मागण्या.

वस्तू ताब्यात घेताना दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन पावतीवर घ्या, आणि तिच्यासोबत आलेलं पाकीट, डबी, चिठ्ठी, दोरासुद्धा, जसंच्या तसं परत करा.

ग्राहकाची लेखी परवानगी असल्याशिवाय साफ करू नका, चोळू नका, बुडवू नका, तेल लावू नका. फुकटसुद्धा नाही.

काही केलंत तर काय वापरलं, कुठे वापरलं आणि ते उलटवता येतं का, हे लिहून द्या.

वयाच्या दाव्यापुढे कारणं लिहा, आणि नंतर बदललेले भाग सांगा.

किमतीच्या आकड्यापुढे तो कशासाठी आहे ते आणि तारीख लिहा. फी ठरावीक घ्या. ज्या वस्तूची किंमत काढलीत ती निदान वर्षभर स्वतः विकत घेऊ नका.

यातल्या कशालाही नवं यंत्र लागत नाही की नवा कायदा. एक छापील फॉर्म आणि एक पेन पुरतं.

माझ्याकडे अजून सतरा नाणी आहेत, सतरा पाकिटांत. प्रत्येक पाकिटाचा फोटो आता मी काढून ठेवला आहे आणि प्रत्येक ओळ वहीत उतरवली आहे. त्यांचीही किंमत काढायचीच आहे, वाटणी अडून राहिली आहे. यापैकी पहिल्या दोन मागण्या ज्यांना मान्य असतील त्यांनी तसं सही करून कळवावं. त्याच दिवशी डबा घेऊन येते.

कळावे,

आपली नम्र,
तेवीस नाण्यांची एक वारसदार